नर्मदा परिक्रमा खंडाखंडाने: दहा हिवाळे, नऊ खंड

काठावरचा

नोकरीत असताना, शेवटचा खंड सोडला तर, एका वेळी पंधरा-सोळा दिवसांहून अधिक रजा मला कधी मिळाली नाही, आणि नर्मदेचे दोन्ही काठ मिळून चाल २६०० किलोमीटरच्या पुढे जाते. या दोहोंचा मेळ बसवायचा तर परिक्रमा खंडाखंडाने करण्यावाचून गत्यंतर नव्हते. डिसेंबर २०१४मध्ये ओंकारेश्वरच्या दक्षिण तटावरून निघालो आणि जानेवारी २०२४च्या अखेरीस त्याच घाटावर परत आलो. मधला २०२०-२१चा हिवाळा कोरोनामुळे घरी गेला, म्हणून हिवाळे दहा आणि खंड नऊ. एकसलग परिक्रमेवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. तुकड्यांनी चालणाऱ्याच्या अडचणी मात्र निराळ्या असतात आणि त्यांविषयी फारसे कोणी लिहीत नाही, म्हणून हा धागा उघडतो आहे.

खंड असे पडले. पहिला ओंकारेश्वर ते बडवानीजवळचा राजघाट, दुसरा राजघाटापासून शूलपाणीच्या झाडीतून गोऱ्यापर्यंत, तिसरा गोरा ते विमलेश्वर आणि तिथून नावेने नदीच्या मुखाशी असलेली खाडी ओलांडून मिठी तलाई व भरूच. चौथ्या खंडापासून उत्तर तट: भरूच ते कुक्षी, मग कुक्षी ते नेमावर, नेमावर ते जबलपूर, जबलपूर ते अमरकंटक. आठव्या खंडात अमरकंटकाहून दक्षिण तटाने जबलपूरच्या ग्वारीघाटासमोर आलो. नववा खंड तिथून थेट ओंकारेश्वरपर्यंतचा, चोवीस दिवसांचा, कारण तोवर निवृत्ती जवळ आली होती आणि साठलेली रजा वाया घालवण्यात अर्थ नव्हता.

नदी उजव्या हाताला ठेवायची आणि पात्र ओलांडायचे नाही, हे दोन नियम येथे सर्वांना ठाऊक असतील. पहिल्या दोन खंडांत दुसऱ्या नियमाचा मला कधीच त्रास झाला नाही, आणि तो का झाला नाही, हे माझ्या ध्यानातही आले नाही. बडवानीहून सेंधव्यामार्गे धुळ्याला आलो, गोऱ्याहून राजपिपळा आणि अंकलेश्वर करून सुरतेला आलो. घर दक्षिणेला आणि मीही दक्षिण तटावर, तेव्हा नदी ओलांडण्याचा प्रश्नच उद्भवला नाही. तिसरा खंड भरूचला, म्हणजे उत्तर तटावर संपला. परतीच्या गाडीत खिडकीशी बसलो होतो. गाडी पुलावर आली तशी समोरच्या बाईंनी पर्समधून नाणे काढून पाण्यात टाकले आणि लेकराचे हात जोडून घेतले. मांडीवरच्या पिशवीत नर्मदाजलाची कुपी होती, आणि आपण तीच नदी ओलांडत आहोत हे मला त्या क्षणी उमगले. ओंकारेश्वरला घेतलेला संकल्प संपूर्ण परिक्रमेचा होता. चूक सर्वस्वी माझी होती. दोन वर्षे मी नकाशावर मुक्काम मोजले, पण परतीची वाट कधी पाहिली नाही.

पुढच्या हिवाळ्यापासून मी प्रत्येक खंडाचा संकल्प स्वतंत्र घेऊ लागलो. जिथे थांबायचे तिथे पूजन करून, चार मुलींना जेवू घालून तो खंड समाप्त करायचा आणि पुढच्या वर्षी त्याच घाटावरून नवा संकल्प करायचा. हे शास्त्राला धरून आहे की नाही, यावर मतभेद आहेत, ते खाली येतीलच. व्यवहाराचा सल्ला मात्र असा की, महाराष्ट्रात राहणाऱ्याने दक्षिण तटाचे हवे तितके तुकडे करावेत, कारण खंडवा, इटारसी, पिपरिया, गाडरवारा, करेली ही सगळी स्थानके नदीच्या दक्षिणेला आहेत आणि भुसावळहून तिथपर्यंत जाताना तापी ओलांडावी लागते, नर्मदा नाही. आयुष्यात एकदाच दोन-अडीच महिन्यांची मोठी रजा मिळणार असेल, तर ती उत्तर तटासाठी राखून ठेवावी. हे मला कोणी २०१४मध्ये सांगितले असते, तर मी खंड निराळे पाडले असते.

आणखी एक गोष्ट लिहून थांबतो. एकसलग चालणाऱ्याचे पाय पहिल्या आठवड्यात एकदाच सोलवटून निघतात आणि मग त्यांना घट्टे पडतात; आपले पाय मात्र दर वर्षी नव्याने कोवळे होतात. नऊ खंड म्हणजे नऊ वेळा पहिले चार दिवस. पहिल्या तीन खंडांत मी पहिल्याच दिवशी पंचवीस किलोमीटर चाललो आणि तिन्ही वेळा चौथ्या दिवशी कुठल्या तरी ओसरीवर टाचेला हळद लावून बसलो. नंतर पहिले तीन दिवस बारा-तेरा किलोमीटरच चालायचे, असा दंडक घातला आणि त्यानंतर एकही दिवस वाया गेला नाही.

---

पूर्णविराम

स्पष्ट लिहितो, राग नसावा. आपली चिकाटी वाखाणण्याजोगी आहे, परंतु जे आपण केले त्याला नर्मदाकाठची दीर्घ पदयात्रा म्हणावे, परिक्रमा म्हणू नये, असे माझे मत आहे. परिक्रमेतले तप हे चालण्यात नसून घरी न परतण्यात आहे. दिवाळीचा फराळ आणि मुलांच्या परीक्षा सांभाळून, परतीचे आरक्षण खिशात ठेवून चालणाऱ्याला अनिश्चितता म्हणून उरतच नाही, आणि तिन्ही त्रिकाळ ज्या भरवशावर परिक्रमावासी चालतो तो भरवसा निर्माण होण्यासाठी अनिश्चितता लागते.

दुसरा आक्षेप अधिक व्यावहारिक आहे. काठावरची अन्नक्षेत्रे ज्यांच्यासाठी आहेत त्यांत पगारदार मनुष्य दर वर्षी पंधरा दिवस पंगतीला बसतो, हे मला पटत नाही. एकदा बसणे निराळे, नऊ वेळा बसणे निराळे.

---

नकाशावाचक

धाग्याचा मूळ मुद्दा भूगोलाचा असल्याने राहवत नाही. उत्तर तटावरून नर्मदा न ओलांडता महाराष्ट्रात येण्याचा मार्ग आहे, आणि मी तो एकदा वापरला आहे. नर्मदा अमरकंटकला उगम पावते, तेव्हा उगमाच्या पूर्वेकडून वळसा घातला की झाले. जबलपूर उत्तर तटावर आहे. तिथून कटनी, शहडोल, अनूपपूर, पेंड्रा रोड, बिलासपूर आणि पुढे रायपूर, गोंदिया, नागपूर असा रेल्वेमार्ग आहे, आणि तो अमरकंटकच्या डोंगराला पूर्वेकडून बगल देऊन जातो. या संपूर्ण मार्गावर नर्मदा कुठेही लागत नाही. जबलपूरहून नागपूरला थेट गाडीने एका रात्रीत येता येते, त्याऐवजी मला दीड दिवस लागला, आणि घरच्यांनी मला वेड्यात काढले.

भोपाळकडून येणाऱ्यालाही बीना आणि कटनी करून हेच साधता येईल. भरूचहून मात्र कोणी याचा विचार करू नये. बडोदा, रतलाम, भोपाळ, कटनी, बिलासपूर, नागपूर असा अर्धा देश पालथा घालून नाशिकला पोहोचेपर्यंत पुढच्या खंडाची वेळ येईल.

---

पूर्णविराम

नकाशावाचक, युक्ती नामी आहे. एक शंका आहे. जाताना आपण उगमाला वळसा घालून उत्तरेकडून दक्षिणेला आलात, म्हणजे नदी उजवीकडे राहिली, हे ठीक. पुढच्या वर्षी त्याच मार्गाने परत जबलपूरला गेलात तेव्हा नदी डावीकडे आली, म्हणजे उलटी प्रदक्षिणा झाली. तिचे काय करायचे?

---

नकाशावाचक

या प्रश्नावर मी बिलासपूरच्या फलाटावर चार तास विचार केला होता. उलटे गेलो तेव्हा जेवढा वळसा सुटला, तेवढाच पुढे चालताना पुन्हा पायांनी घातला, असे समाधान करून घेतले. आपल्याला ते पुरेसे वाटणार नाही, याची कल्पना आहे.

---

काठावरचा

पूर्णविराम, राग मुळीच नाही, उलट हे आक्षेप येथे नोंदले जावेत अशीच इच्छा होती.

घरी न परतण्यात तप आहे, हे मान्य. पण थांबणे परंपरेबाहेरचे आहे, हे मान्य करता येत नाही. तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवस हा जो पारंपरिक काळ सांगितला जातो, त्यात प्रत्येक चातुर्मासात परिक्रमावासी एका जागी थांबतो; देवउठनी एकादशीनंतरच पाऊल पुढे पडते. म्हणजे चालणे आणि थांबणे ही दोन्ही मुळातच परिक्रमेची अंगे आहेत. आमचा दोष थांबण्याचा नाही, थांबायला काठ सोडून जाण्याचा आहे, आणि तो मी नाकारत नाही. जबलपूरचे अमृतलाल वेगड यांनी १९७७पासून अशीच टप्प्याटप्प्याने पदयात्रा केली आणि तिला दिमाखदार नाव देण्याचा आग्रह कधी धरला नाही. मीही धरत नाही. आपण पदयात्रा म्हणा, माझी हरकत नाही.

अन्नक्षेत्राविषयीचा आक्षेप मला अधिक बोचला, कारण तो मलाही छळत असे. पहिल्या वर्षी मी निघताना पैसे देऊ लागलो, तेव्हा एका आश्रमातल्या वृद्ध सेवेकऱ्याने ते घेतले नाहीत आणि बाजूला नेऊन सांगितले की, पैसे आले की हिशेब येतो आणि हिशेब आला की भांडण येते. त्याने सुचवले की जवळच्या बाजारगावातून शिधा पाठवावा. तेव्हापासून प्रत्येक खंडाच्या आरंभी आणि शेवटी तूरडाळ, तेल आणि चहापत्ती घेऊन, जितके दिवस जेवणार त्याच्या दुपटीचा अंदाज बांधून, एखाद्या लहान, रस्त्यापासून आत असलेल्या ठिकाणी पोचवत आलो. मोठ्या आश्रमांना देणारे पुष्कळ असतात. जिथे एकटी म्हातारी दहा जणांचे टिक्कड थापते, तिथे डाळ संपलेली असते.

रेल्वेची युक्ती वाचून हसू आले आणि हळहळही वाटली, कारण सहावा खंड मी जबलपूरलाच संपवला होता.

---

खजुरीबाजार

आम्ही पिढ्यान्पिढ्यांचे इंदूरचे मराठी, तेव्हा आमच्या घरी हे गणित बरोबर उलटे आहे. आमच्यासाठी उत्तर तट म्हणजे अंगण. महेश्वर, मंडलेश्वर, नेमावर येथून संध्याकाळच्या बसने घरी. दक्षिण तटावरचा प्रत्येक खंड मात्र मोरटक्क्याचा नाही तर खलघाटचा पूल ओलांडूनच संपतो. काठावरचा यांचा सल्ला आमच्यासारख्यांनी आरशात वाचावा आणि मोठी रजा दक्षिण तटासाठी राखावी.

एक सूचना मात्र दोन्ही तटांच्या लोकांसाठी आहे. बरगी, इंदिरा सागर, ओंकारेश्वर, सरदार सरोवर अशी धरणे झाल्यापासून नदीचे पाणी ऋतूप्रमाणे नाही, दरवाज्यांप्रमाणे चढते-उतरते. रेतीवर पथारी टाकून झोपणे पूर्वी रम्य असेल, आता ते करू नये. एप्रिल २००५मध्ये धाराजी येथे भूतडी अमावास्येच्या मेळ्यात वरच्या धरणातून आलेल्या पाण्यात अनेक यात्रेकरू वाहून गेले. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने त्यात माणसे गमावली. खंडाने येणारा मनुष्य दर वर्षी नव्या पट्ट्यात येतो, त्याला तिथली पाण्याची सवय ठाऊक नसते. गावात विचारा, आणि पाण्याची रेघ खडकावर जिथवर दिसते त्याच्या वर झोपा.

---

जाईजुई

मी आणि माझी जाऊ, दोघींनी मिळून आतापर्यंत दोन खंड केले आहेत. काठावर विचारतात, "कितनी मूर्ति हैं?" पहिल्या दिवशी आम्हाला वाटले, पिशवीत देवाच्या मूर्ती किती आहेत ते विचारतात. आम्ही म्हटले, "एक, बाळकृष्णाची." चहा एकच आला. दुसऱ्या दिवशी उलगडा झाला की परिक्रमावासी माणसालाच मूर्ती म्हणून मोजतात.

बायकांच्या दृष्टीने दोन गोष्टी लिहिते. मोठ्या आश्रमाच्या सभामंडपात शंभर माणसांत झोपण्यापेक्षा गावातल्या घराच्या ओसरीवर झोपणे आम्हाला अधिक निर्धास्त वाटले. संध्याकाळी चार वाजताच गावात शिरायचे, पाणवठ्यावर किंवा हातपंपावर बायकांशी बोलायचे, म्हणजे मुक्कामाचा प्रश्न तिथेच सुटतो. दुसरे म्हणजे, खंड आखताना दर दोन दिवसांनी एखादे बसथांब्याचे गाव येईल असे पाहावे. बस पकडावी लागली नाही, पण आहे हे ठाऊक असल्याने घरच्यांचा जीव थाऱ्यावर राहिला.

काठावरचा यांना प्रश्न: दोन खंडांच्या मधल्या काळात कुपी, दंड, कमंडलू यांचे आपण काय करत होता? आमची कुपी देवघरात आहे आणि तिच्यातले पाणी कमी होऊ लागले आहे, याची जाऊबाईंना फार काळजी वाटते.

---

काठावरचा

जाईजुई ताई, कुपीतले पाणी उन्हाळ्यात थोडे आटतेच. झाकणाला मेण लावून ठेवा, आणि पुढच्या खंडाला निघाल्यावर पहिल्याच घाटावर त्यात ताजे जल मिसळा. रोजच्या पूजेत आपण तेच करतो, तेव्हा त्यात काही बिघडत नाही. कुपी मी नेहमी घरी आणली. दंड मात्र गाडीत आणणे गैरसोयीचे, शिवाय एका वर्षी सामानाच्या फळीवरून तो खालच्या सहप्रवाशाच्या डोक्यात पडला, तेव्हापासून मी तो काठावरच ठेवू लागलो.

जानेवारी २०२०मध्ये जबलपूरच्या अलीकडच्या एका गावात, जिथे शेवटचा मुक्काम केला, त्या घरच्या आजींकडे दंड ठेवून आलो. वर्षाने येतो म्हणून सांगितले. आलो ते बावीस महिन्यांनी. दंड ओळखू येईना. बांबूचे टोक झिजून चार बोटे आखूड झाले होते, मधल्या पेरावर दोरीचा करकोचा पडला होता, आणि वरची मूठ तेलाने काळी कुळकुळीत झाली होती. आजींनी हिशेब दिला: पहिला पावसाळाभर तो गोठ्याच्या दाराला अडसर म्हणून होता, मग धाकट्या नातवाने बोरे झोडपली, मग त्या स्वतः गुडघा दुखू लागल्यावर तो घेऊन घाटावर जाऊ लागल्या. "मैया की लाठी है, खाली कैसे पड़ी रहती?" असे वर मलाच विचारले. मी त्यांना तो ठेवून घ्या म्हटले, तर त्यांनी ऐकले नाही. अमरकंटकपर्यंत मी त्या आखूड दंडाने चाललो आणि चढावर तो बरा पडला.

---

डोंगरापल्याड

मी गेली काही वर्षे अमेरिकेत राहतो आणि ॲपलाचियन ट्रेल तुकड्यांनी चालतो आहे. जॉर्जियातील स्प्रिंगर पर्वतापासून मेनमधील कटाडिनपर्यंत चौदा राज्यांतून जाणारी ही वाट सुमारे साडेतीन हजार किलोमीटरची आहे. ती १९३७मध्ये पूर्ण झाली आणि तिच्यावर एकसलग चालणारा पहिला मनुष्य म्हणून अर्ल शेफर यांचे १९४८मधले नाव घेतले जाते. या वाटेची देखभाल पाहणारी संस्था पूर्ण वाट चाललेल्यांची नोंद ठेवते, आणि तिथे एका हंगामात चालणारा आणि तीस वर्षांत तुकड्यांनी चालणारा असा भेद करत नाही. क्रमही विचारत नाहीत. आधी मेन आणि मग जॉर्जिया केले तरी चालते.

हे वाचून वाटले की आमचे फार सोपे आहे. झाडावर पांढऱ्या रंगाचा पट्टा दिसला की वाट बरोबर, आणि मागच्या वर्षी ज्या पट्ट्याशी थांबलो तिथेच पुढच्या वर्षी मोटारीतून उतरायचे. तरीही पूर्णविराम यांचा मुद्दा तिथेही भेटतो. एकसलग चालणारे निवाऱ्यात एकमेकांना टोपणनावांनी हाक मारतात, मार्चपासूनच्या गोष्टी त्यांच्यात चालू असतात, आणि आपण दहा दिवसांसाठी आलेले पाहुणे असतो. ते कोणी बोलून दाखवत नाही, पण शेकोटीशी बसल्यावर कळते.

---

सातपुड्याआड

मी धडगाव परिसरात नोकरी करतो. महाराष्ट्राच्या वाट्याला नर्मदेचा जो चोपन्न किलोमीटरचा काठ आला आहे तो सगळा आमच्या नंदुरबार जिल्ह्यात, अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांत येतो, आणि बहुतेक मराठी परिक्रमावासी तो भाग घाबरत घाबरत, घाईघाईने ओलांडतात. शूलपाणीच्या झाडीत परिक्रमावासीयांना लुटून लंगोटीवर पाठवत, या जुन्या गोष्टी अजून प्रत्येक जण ऐकून येतो. आता त्याच पाड्यांवर चहा आणि मुक्काम मिळतो. काठाची जमीन धरणाच्या पाण्यात गेली, त्यामुळे वाट आता नदीपासून दूर, डोंगराच्या अंगाने काठी, मोलगी, वडफळीकडे जाते. नदी दिवसेंदिवस दिसत नाही, हे आधी मनाशी धरून या.

दोन विनंत्या आहेत. मुलांना गोळ्या-बिस्किटे वाटू नका; हिवाळ्यात शाळा सोडून पोरे वाटेवर उभी राहतात. वाटायचेच असेल तर आश्रमशाळेत वह्या द्या. आणि पावरी बोलणाऱ्या माणसाशी मराठी असल्याच्या हक्काने मोठ्या आवाजात मराठी बोलू नका, त्याला हिंदी आणि मराठी दोन्ही परक्याच आहेत.

ज्यांना रजा कमी आहे त्यांनी हा खंड धडगावला तोडावा. तिथून शहाद्याला एसटी मिळते.

---

काठावरचा

सातपुड्याआड यांनी पाण्याचा उल्लेख केला, म्हणून खंडाने चालण्याचा एक परिणाम नोंदवून ठेवतो, जो एकसलग चालणाऱ्याच्या वाट्याला येत नाही. डिसेंबर २०१४मध्ये राजघाटला पोहोचलो तेव्हा तिथे गांधीजी, कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई यांच्या अस्थींचे स्मारक उभे होते. मी त्याच्या सावलीत बसून पायाचे फोड फोडले. चार वर्षांनी, पाचव्या खंडात, समोरच्या तटावरच्या चिखलद्याला आलो, तेव्हा स्मारक जुलै २०१७मध्येच हलवले गेले होते. ज्या जागी मी बसलो होतो ती जागा पलीकडून शोधत राहिलो. चिखलद्यात त्या दिवशी एका घरी ताक प्यायलो. घराला बाहेरून निळा रंग होता आणि दारावर पाण्याची पातळी दाखवणारा सरकारी आकडा रंगवलेला होता. घरमालकाने तो आकडा मुलाच्या उंचीच्या खुणेसारखा बोटाने दाखवला. सप्टेंबर २०१९मध्ये सरदार सरोवर पहिल्यांदा १३८.६८ मीटरपर्यंत भरले, तेव्हा मी घरी दूरदर्शनवर बातम्या पाहत होतो आणि ते घर शोधत होतो.

माझी परिक्रमा म्हणून एका नदीची झाली असे मला म्हणता येत नाही. दक्षिण तटाचा पश्चिम भाग मी धरण भरण्यापूर्वीचा पाहिला आणि उत्तर तटाचा पूर्व भाग नंतरचा. ज्यांनी माझ्यानंतर पाच वर्षांनी राजघाट गाठला, त्यांचे आणि माझे वर्णन जुळत नाही.

---

नवखा२५

धागा दोनदा वाचला. मी पुण्यात असतो, वय एकोणतीस, फेब्रुवारीत लागून नऊ दिवस मिळत आहेत, पुढे दर वर्षी तेवढेच मिळतील. शूलपाणीची झाडी आणि विमलेश्वरची नाव यांचे आकर्षण सर्वांत जास्त आहे. तिथूनच सुरुवात केली तर चालेल का? की ओंकारेश्वरच घ्यावे?

---

काठावरचा

ओंकारेश्वर ते राजघाट घ्या. पुण्याहून रेल्वेने खंडव्याला उतरा, तिथून ओंकारेश्वरला बस मिळते, आणि संकल्प दक्षिण तटावर करा. बेटावरच्या ओंकारेश्वराच्या दर्शनाला आता जाऊ नका, ते परिक्रमा पूर्ण झाल्यावर. नऊ दिवसांपैकी दोन प्रवासात गेले तर सात उरतात, आणि त्यात तुमचे पाय कोवळे, तेव्हा राजघाट गाठण्याचा अट्टहास नको. वाटेत बकावां लागेल, तिथे नदीतल्या दगडांची शिवलिंगे घडवणाऱ्यांच्या अंगणात तासभर बसा. त्याच वाटेवर रावेरखेडीला पहिल्या बाजीरावांची समाधी आहे. १७४०च्या एप्रिलमध्ये त्यांचे तिथेच निधन झाले. तिथे मुक्काम पडला तर उत्तम. त्यापुढे जिथे पाय सांगतील तिथे, पण बसचा रस्ता असलेल्या गावी, थांबा. घाटाचा आणि ज्या घरी थांबाल त्या घराचा फोटो काढून ठेवा. वर्षाने गेल्यावर सगळे घाट सारखे दिसतात.

विमलेश्वरचे आकर्षण समजू शकतो, पण नऊ दिवसांत ते बसवू नका. नाव भरतीच्या वेळेवर सुटते, भरतीची वेळ तिथीप्रमाणे रोज पुढे सरकते, आणि खंबातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक इतका मोठा आहे की नावाडी घाई करत नाहीत, करूही नये. मी तिथे दोन रात्री बसून होतो, पहाटे तीन वाजता कंदिलाच्या उजेडात चिखलातून नावेत चढलो, आणि माझी परतीची गाडी तोवर निघून गेली होती. तो खंड येईल तेव्हा नाव रजेच्या पहिल्या निम्म्यात ठेवा आणि परतीचे आरक्षण मिठी तलाईला उतरल्यावरच करा.

फेब्रुवारीच्या शेवटी दुपारी ऊन चांगलेच तापते. डोक्याला पंचा, पाण्याच्या दोन बाटल्या, आणि नवे बूट असतील तर आजपासून रोज घालायला लागा.

---

नवखा२५

बूट नवेच आहेत. उद्यापासून घालतो. दंड तिथे मिळेल का, की येथून न्यावा?

---

काठावरचा

ओंकारेश्वरच्या घाटावर विकत मिळतो. तुमच्या खांद्याएवढा घ्या, खाली लोखंडी टोक बसवलेले असल्याची खात्री करा, आणि परतताना बसच्या टपावर टाकू नका, कोणाकडे तरी ठेवून या.